टोकाचं गाव

आमच्या भागात पाणी दोन जातींचं: खारं आणि गोडं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, कपाशी आणि तुरीचं शिवार बघून डोळे निवावेत अशी. विहीर खणली की मात्र जे लागतं ते तोंडात धरवत नाही. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, चहातलं दूध फाटतं, साबणाला फेस येत नाही आणि कितीही नहाणं केलं तरी केस राठ ते राठच. दर्यापूर तालुक्यातलं माझं माहेर या पट्ट्याच्या ऐन मधोमध आहे. आमच्याकडे सोयरीक जमवायला आलेली परतवाड्याकडची माणसं शेती किती हे नंतर विचारत. आधी विचारत, ‘प्याचं पानी कुठून आनता?’

गोडं पाणी उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. शहानूर, सापन, चंद्रभागा, वान या नद्या डोंगरातून उतरतात आणि सपाटीवर येऊन पूर्णेला मिळतात. म्हणजे पाणी चाळीस-पन्नास किलोमीटरवर दिसतंय, फक्त आपल्या पायाखाली नाही. अशा ठिकाणी ‘आपलं गाव, आपली विहीर, आपली टाकी’ हा हिशेब लागूच होत नाही. एका गावाने कितीही वर्गणी काढली तरी त्याला डोंगरातलं पाणी घरी आणता येत नाही. त्यासाठी शंभर गावांनी एका नळाला लटकावं लागतं. सरकारी भाषेत याला प्रादेशिक पाणीपुरवठा योजना म्हणतात आणि लोक तिला गावांच्या आकड्याने ओळखतात. अकोल्याकडे वान धरणावरची ८४ खेडी योजना, आमच्याकडे शहानूरवरची १५६ गावांची. ‘तुम्ही चौऱ्यांशीतले का?’ असं कुणी विचारलं तर बाहेरच्या माणसाला वाटेल, काहीतरी जुनी वतनदारी असणार.

अशा योजना आखायच्या आणि बांधायच्या म्हणून राज्याने १९७६ मध्ये कायदा केला आणि १९७९ पासून महाराष्ट्र पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ कामाला लागलं. १९७२ च्या दुष्काळाची आठवण तेव्हा ताजी होती. १९९७ मध्ये त्याच मंडळाचं महाराष्ट्र जीवन प्राधिकरण झालं. अमरावतीच्या वर्तमानपत्रांत त्याचं ‘मजीप्रा’ होतं आणि घरात नुसतं ‘प्राधिकरण’. बहुतेक ठिकाणी हे लोक योजना बांधतात आणि जिल्हा परिषदेच्या नाहीतर नगरपालिकेच्या हवाली करून पुढच्या कामाला जातात. अमरावती, यवतमाळ, अंबरनाथ, बदलापूर अशा काही शहरांत मात्र प्राधिकरणच पाणी सोडतं, मीटर वाचतं आणि बिल पाठवतं.

बांधणं आणि चालवणं यांत फार अंतर आहे, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. योजना बांधताना नारळ फुटतो, कोनशिला बसते, पेपरात फोटो येतो. योजना चालवणं म्हणजे रोज सकाळी तेच काम, पुढची तीस वर्षं. तीस वर्षं हा आकडा मनाचा नाही. जलवाहिनीचा व्यास काढताना तीस वर्षांनंतरची लोकसंख्या धरतात. म्हणजे कागदावर एक अभियंता अजून जन्माला न आलेल्या पोराच्या वाट्याचं पाणी मोजत बसलेला असतो. मला हे वाचलं तेव्हा त्या खात्याबद्दल उगाचच माया वाटली होती. नंतर गावात गेल्यावर ती थोडी कमी झाली, ते वेगळं.

आमचं गाव योजनेच्या टोकाला आहे. टोकाला असणं म्हणजे काय, हे नळाला चोवीस तास पाणी असलेल्या माणसाला समजावणं कठीण. धरणाजवळ शुद्धीकरण केंद्र, तिथून मोठी टाकी, त्या टाकीतून एक थोराड पाइप निघतो आणि वाटेत प्रत्येक गावाला फाटा देत देत बारीक होत जातो. पाणी सुटलं की पहिल्या गावाची टाकी आधी भरते, मग दुसऱ्याची. शेवटच्या गावापर्यंत दाब पोचायचा असेल तर वाटेतल्या प्रत्येकाने आपली टाकी भरल्यावर व्हॉल्व्ह बंद करायला हवा. कागदावर हे अगदी सोपं आहे. प्रत्यक्षात वाटेतल्या कुणाच्या तरी घरी लग्न असतं, कुणी तरी मुख्य वाहिनीलाच परस्पर जोड मारून घेतलेला असतो, कुणाच्या टाकीचा फ्लोट मोडलेला असतो आणि पाणी टाकीवरून रात्रभर वाहत असतं. टोकाच्या गावात मात्र लोक वर मान करून आपल्या कोरड्या टाकीकडे बघत असतात. शिव्या अर्थातच योजनेला.

दर्यापूरकडे जाताना रस्त्याच्या कडेला सिमेंटच्या छोट्या चौकोनात एअर व्हॉल्व्ह दिसतात. पाइपात कोंडलेली हवा बाहेर काढायची आणि पाइप रिकामा होताना बाहेरची हवा आत घ्यायची, एवढंच त्याचं काम. पण त्याच्या बोंडात काडी खुपसली की पाणी उसळतं. एके ठिकाणी मी गाडी थांबवून बघितलं. तिथे चक्क छोटं तळं झालं होतं. दोन बायका प्लास्टिकच्या ड्रममध्ये पाणी भरत होत्या, एक माणूस मोटारसायकल धूत होता आणि म्हशी गळ्यापर्यंत बसल्या होत्या. मी त्यातल्या एका बाईला म्हटलं, ‘ताई, हे पाणी आमच्या गावाला जातं.’ ती म्हणाली, ‘मंग आमी का परदेशातले हाओ?’ खरंच होतं. तिच्या वस्तीचं नाव त्या गावांच्या यादीत नव्हतं. पाइप तिच्या दारासमोरून जात होता आणि तिला नळ नव्हता. कुणाला चोर म्हणायचं, हे मला त्या दिवसापासून नीट सांगता येत नाही.

आत्याचे दीर गावचे व्हॉल्व्हमन होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ग्रामपंचायतीच्या कागदावर त्यांना जलसुरक्षक असं भारदस्त नाव होतं. इंग्रजी टी अक्षरासारखी लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते निघाले की गल्लीगल्लीतून हाक यायची.

‘काकाजी, आज पानी सोडता का नाही?’

‘टाकीत असन त सोडीन ना बाई. वरूनच आलं नाही.’

‘वरून’ म्हणजे देवाकडून की धरणाकडून, हे काकांनी कधी स्पष्ट केलं नाही. ज्या दिवशी पाणी यायचं त्या दिवशी ते टाकीत ब्लीचिंग पावडर कालवून टाकत. गावात तिला सगळे टीसीएल म्हणतात. मग सुटल्यावर शेवटच्या नळावर जाऊन काचेच्या छोट्या नळीत पाणी घेत, त्यात बाटलीतून दोन थेंब टाकत आणि उजेडाकडे धरत. पाण्याला फिकट पिवळा रंग चढला की क्लोरीन शेवटपर्यंत पोचलं. रंग आला नाही तर वाटेत काहीतरी घाण त्याला खाऊन बसली. शेवटच्या नळावर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे असा नियम आहे. काकांना तो आकडा ठाऊक नसावा, पण तो पिवळा रंग त्यांना अचूक ओळखता यायचा. ‘हा हरभऱ्याच्या डाळीच्या पान्यासारका झाला पायजे,’ ते म्हणायचे. मी लहानपणी कितीदा तरी त्यांच्या मागे फिरले आहे आणि त्या दोन थेंबांनी पाणी पिवळं होताना बघण्यात जी मजा होती ती पुढे कॉलेजच्या प्रयोगशाळेत कधी आली नाही. काकांचं मानधन किती होतं ते सांगत नाही, सांगितलं तर खोटं वाटेल. पण सबंध योजनेत, धरणापासून नळापर्यंत, पाणी प्यायला योग्य आहे की नाही हे सगळ्यात शेवटी बघणारा माणूस तोच होता.

क्लोरीन वाटेत कोण खातं, हेही इथे सांगून टाकते. पाणी रोज येत नाही. चार दिवसांआड, आठ दिवसांआड येतं. मधल्या काळात पाइप रिकामा असतो. पाणी बंद झालं की पाइपाच्या पोटात पोकळी तयार होते आणि ती बाहेरचं ओढून घेते. जिथे जोड सुटलाय आणि शेजारून गटार वाहतंय, तिथे ती गटार ओढते. आमची काळी माती तर त्यात सामीलच. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. पाइपाचे जोड दरवर्षी वर-खाली होतात. म्हणून नळ आला की पहिलं गढूळ पाणी सोडून द्यायचं, ही आईची शिकवण. वर घराघरांतून टिल्लू पंप. ज्याची मोटर जोरदार त्याला पाणी जास्त, आणि गटारही तोच जास्त ओढतो. निसर्गाचा न्याय म्हणावा तर शेजारचं लेकरू फुकट आजारी पडतं.

पाणी सतत ठेवलं तर जास्त लागेल, असं कुणालाही वाटतं. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने ते उलटं करून दाखवलं. कोयनेच्या काठचं गाव. जीवन प्राधिकरणाने तिथे चोवीस तास पाण्याची योजना केली, घरोघरी मीटर बसवले, आणि जो जास्त वापरेल त्याला चढता दर लावला. लोक साठवायचे थांबले. साठवलं नाही म्हणजे फेकलंही नाही. आपल्याकडे नळ आला की पहिलं काम म्हणजे कालचं ‘शिळं’ पाणी मोरीत ओतणं. चार दिवसांनी येणारं पाणी असलं तरी ओतायचं. हे पाणी नासत नाही म्हणून आमच्या आईला समजावण्यात माझी वर्षं गेली. मलकापूरला ते समजावावं लागलं नाही, नळानेच समजावलं. अर्थात नदी उशाला असलेल्या एका गावाला हे जमणं आणि दीडशे गावांच्या शेपटाला जमणं यांत फरक आहे. मलकापूरचं उदाहरण देऊन आमच्याकडच्या अभियंत्याला कोंडीत पकडायचा मोह मला अनेकदा झालाय. त्याने ‘आधी वीजबिल भरू द्या’ असं म्हटल्यावर मी गप्प होते.

वीजबिल हे प्रादेशिक योजनांचं जुनं दुखणं. गावं पाणीपट्टी भरत नाहीत, म्हणून योजनेकडे पैसे नाहीत, म्हणून पंपांचं बिल थकतं, म्हणून वीज तुटते, म्हणून पाणी येत नाही, म्हणून गावं म्हणतात, पाणीच नाही तर पट्टी कशाची? या फेऱ्यात पहिली चूक कुणाची हे शोधायला गेलं तर सगळेच दुसऱ्याकडे बोट दाखवतात आणि सगळ्यांचं बोट बरोबर असतं. टोकाच्या गावाने पट्टी भरावी तरी का? त्याने भरली तरी वाटेतल्याने भरली नाही तर पंप बंदच. आणि गंमत अशी की तेच गाव फिल्टरच्या पाण्याला वीस लिटरच्या जारमागे रोख पैसे मोजतं. गावात आरओचं मशीन लागलंय, सकाळी जारांची रांग लागते. योजनेचं पाणी हजार लिटर ज्या पैशात मिळावं त्या पैशात जारवाला एक-दोन जार देतो, तरी त्याच्याकडे उधारी नसते. मी एकदा मोठ्या भावाला विचारलं, ‘दादा, पट्टी का भरत नाहीस?’ तो म्हणाला, ‘जारवाला रोज दारात येतो. योजना कुठं येते?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पण जारवाल्याचं मशीन ज्या खाऱ्या बोअरवर चालतं, त्यातून निघणारं आणखी खारट पाणी तो मागच्या नालीत सोडतो, हे दादाला सांगून बघितलं. त्याने चहा मागवला.

पाणी डोंगरात असलं तरी ते फुकट पडलेलं नाही, हेही खरं. धरणं मुळात शेतीसाठी बांधली. वान धरणाखालच्या तेल्हारा-अकोट भागातल्या शेतकऱ्याला दरवर्षी नवीन पिण्याच्या योजनेचं आरक्षण ऐकून पोटात गोळा येतो. राज्याच्या धोरणात पिण्याचं पाणी सगळ्यात आधी, त्याबद्दल वाद नाही. पण त्या आधीच्या माणसाच्या हातातून पाणी सुटतं तेव्हा त्याला धोरण वाचून दाखवून भागत नाही. बाळापूरकडच्या ६९ गावांना वानचं पाणी द्यायचं ठरलं, विरोध झाला, योजनेला स्थगिती मिळाली. तेव्हा २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथले आमदार आणि गावकरी खाऱ्या पाण्याचे टँकर घेऊन अकोल्याहून नागपूरला पायी निघाले. वैदर्भी एप्रिल! त्या उन्हात, प्यायच्या लायकीचं नसलेलं पाणी सोबत घेऊन चाललेली माणसं टीव्हीवर बघताना आमच्या घरात कुणी बोललं नाही. माझे सासरे तेल्हाऱ्याचे, त्यांची ओलिताची शेती वानच्या कालव्याखाली. आई खारपाणपट्ट्यातली. एकाच दिवाणावर बसलेली दोघं.

मी स्वतः आता अमरावतीत राहते, टोकापासून लांब. अमरावतीला इंग्रज अमदानीत वडाळी आणि छत्री तलावांचं पाणी पुरत असे. आता मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याहून, अप्पर वर्धा धरणातून, पन्नासेक किलोमीटर लांबून पाणी येतं आणि तपोवनच्या शुद्धीकरण केंद्रात स्वच्छ होतं. मुलाच्या शाळेची सहल तिथे गेली होती तेव्हा पालक म्हणून मीही गेले. पोरांना कारंज्यासारखी पायऱ्यांवरून उड्या मारणारी पाण्याची धार आवडली. माझं लक्ष प्रयोगशाळेतल्या एका साध्या यंत्रावर खिळलं. ओळीने सहा काचेची भांडी, प्रत्येकात एक-एक छोटं वल्हं फिरतंय. सहांतही तेच गढूळ पाणी, तुरटीची मात्रा मात्र वेगवेगळी. वल्ही आधी वेगाने फिरतात, मग हळू, मग थांबतात. हळूहळू गाळाचे कापसासारखे पुंजके जुळतात आणि खाली बसतात. एका भांड्यात पाणी लख्ख होतं, त्याच्या शेजारच्यात तसंच ढगाळ राहतं. जे भांडं सगळ्यात कमी तुरटीत निवळलं, तोच त्या दिवशीचा सबंध शहराचा हिशेब. पावसाळ्यात धरणात नवीन पाणी आलं की हा खेळ पुन्हा पुन्हा करावा लागतो, असं तिथली केमिस्ट ताई म्हणाली. क्लोरीन वायूचे अजस्र सिलिंडर, त्यांना टनर म्हणतात, बाजूच्या खोलीत होते, नऊशे किलोचा एक. गळती शोधायला ते अमोनियात भिजवलेला बोळा फिरवतात. वायू गळत असेल तर पांढरा धूर उठतो. ‘नाकाने शोधायला गेलं तर परत येणार नाही,’ ती शांतपणे म्हणाली आणि पोरांना पुढे घेऊन गेली.

नकाशा मी त्या रात्री काढला, मुलाला प्रकल्पासाठी हवा होता म्हणून. आणि मग एक गोष्ट दिसली जी इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. वर्धा नदी पुढे प्राणहितेत जाते, प्राणहिता गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. आपण पितो ते पूर्वेकडे चाललेलं पाणी. पण शहराचं सांडपाणी नाल्यांतून पेढी नदीकडे जातं, पेढी पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. म्हणजे पूर्वेच्या समुद्राकडे निघालेलं पाणी आम्ही मधेच उचलतो, स्वयंपाकघर आणि संडासातून फिरवतो आणि पश्चिमेच्या समुद्राकडे लावून देतो. दोन खोऱ्यांच्या मधली सीमा आमच्या बाथरूममधून जाते म्हटलं तरी चालेल. आणि पेढीनंतर पूर्णेच्या काठावर काय आहे? खारपाणपट्टा. माझं माहेर.

पाणीपुरवठ्याच्या नकाशावर मी टोकावरून सुटून वर आले होते. सांडपाण्याच्या नकाशावर माझी आई माझ्या खालच्या टोकाला होती.

प्यायच्या पाण्याची जेवढी चर्चा होते त्याच्या शंभरावा हिस्साही सांडपाण्याची होत नाही. येणारं पाणी उशिरा आलं तर हंडा मोर्चा निघतो. जाणारं पाणी कुठे जातं हे विचारायला कुणी मोर्चा काढलेला मी पाहिला नाही. पाणीपुरवठ्याच्या मापदंडात खेड्याला माणशी रोज ५५ लिटर, त्याआधी ४० होतं, आणि भुयारी गटार असलेल्या शहराला १३५. मला हा अन्याय वाटायचा. त्यात अन्याय आहेच, पण कारणही आहे: जादाच्या पाण्याचा मोठा भाग फ्लशला आणि गटार वाहती ठेवायला लागतो. गटारातून घाण नुसत्या उताराने वाहायची तर पाणी पुरेसं हवं, नाहीतर ती पाइपातच बसते. म्हणजे शहराला जास्त पाणी दिलं ते या अटीवर की शहर ते गटारात नीट नेईल, केंद्रात शुद्ध करेल आणि मग नदीला देईल. वापरलेल्या पाण्याचा साधारण ८० टक्के भाग सांडपाणी म्हणून बाहेर येतो असं अभियंते धरतात. आम्ही १३५ चा हक्क घेतला, अट मात्र विसरलो.

याच पेढी नदीच्या काठी, वलगावजवळ, २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी देह ठेवला. अमरावतीला आणताना वाटेतच. बाबांचा जन्म शेंडगावचा, बालपण पूर्णाकाठच्या दापुऱ्याला मामांकडे, म्हणजे माणूस अस्सल खारपाणपट्ट्यातला. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात डोकी. आज अमरावतीत त्यांच्या समाधीला मोठी गर्दी असते, झाडूची पूजा होते. पेढीकडे कुणी फिरकत नाही.

आमच्या गल्लीत भुयारी गटाराची वाहिनी आली आहे. रस्ता उकरला, चेंबरं बांधली, रस्ता पुन्हा जेमतेम केला. आपल्या घरापासून चेंबरपर्यंतचा जोड आपण करून घ्यायचा. इथेच घोडं अडतं. मी आमचा जोड करून घेतला तेव्हा गल्लीतल्या बहुतेकांनी ‘गरज काय?’ असं विचारलं. अंगणातल्या फरशा फोडाव्या लागतात, प्लंबर चार वेळा बोलावून एकदा येतो, खर्च होतो आणि शेवटी दिसायला काहीच नाही. नवीन नळाची तोटी तरी पाहुण्याला दाखवता येते. शिवाय सर्वांचा एक हुकमी मुद्दा: आमचं सेप्टिक टँक उत्तम चालतं.

शेजारचे काका निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी अभिमानाने सांगितलं, ‘आमचं टँक १९८६ चं आहे. एकदाही उपसलं नाही. भरतच नाही.’ मी त्यांना म्हटलं, ‘काका, टँक दोन-तीन वर्षांत उपसायचं असतं. ज्याला तळ आहे ते भरतंच. भरत नसेल तर ते कुठेतरी जात असणार.’ काका हसले. मग थोडं थांबून म्हणाले, ‘कुठे?’ त्यांच्या कंपाउंडच्या कोपऱ्यात बोअर आहे, टँकपासून पंधरा-वीस पावलांवर. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली.

त्यानंतर आठवडाभर काका माझ्याशी बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी वही घेऊन आले. त्यात जोडासाठी लागणाऱ्या पाइपांची लांबी, कोपरे, चेंबरचं माप, सगळं मुख्याध्यापकी अक्षरात लिहिलेलं. आधी टँक उपसून घ्यावं लागेल, नंतर ते बुजवायचं. कुणीतरी त्यांना स्वस्तात काम करून देणारा माणूस सुचवला होता, आत उतरून साफ करणारा. त्यावर मात्र मी आवाज चढवला. संरक्षक साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख केली ती काही गंमत म्हणून नाही. टाकीत साचलेल्या वायूचा वास येईपर्यंत माणूस पडलेला असतो. काका म्हणाले, ‘अगं, मी कुठे हो म्हटलंय!’ आणि वहीतली ती ओळ तिथल्या तिथे खोडली.

आता यंत्राची गाडी ठरली आहे. गाडीवाल्याला मी दोनदा विचारलं की उपसलेलं नेऊन कुठे टाकणार. पहिल्यांदा तो ‘बाहेर’ म्हणाला. दुसऱ्यांदा शुद्धीकरण केंद्राचं नाव घेतलं आणि वर शंभर रुपये जास्त मागितले. काकांनी मान्य केले. काकूंचा अजून विरोध आहे, कारण गाडी दारात उभी राहिली की गल्लीभर वास सुटणार आणि त्याच आठवड्यात त्यांच्याकडे महालक्ष्म्या बसायच्या आहेत.